डीएलएल बनली, पण आत काहीच नव्हतं

"अगं, तुझी डीएलएल रिकामी आहे."

शुक्रवारी संध्याकाळी एका सहकाऱ्याचा हा निरोप आला तेव्हा मी लॅपटॉप मिटायच्या बेतात होते. मी उलट विचारलं, "रिकामी म्हणजे? फाइल शून्य बाइटची आहे का?" तर तसं नव्हतं. डीएलएल म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येतील अशी फंक्शनं ठेवलेली विंडोजवरची लायब्ररी फाइल. ती व्यवस्थित बनली होती, कंपायलरने एकही तक्रार केली नव्हती. फक्त बाहेरून हाक मारता येईल असं एकही फंक्शन तिच्यात नव्हतं. बंगला बांधून झाला आणि दार ठेवायचं राहिलं, असा प्रकार.

थोडं मागचं सांगते. मोजमाप करणाऱ्या यंत्रांमधून निघणाऱ्या बायनरी फाइली वाचायला मी सी भाषेत एक लायब्ररी लिहिली आहे. जेमतेम चार हजार ओळी. तिचं नाव 'नोंद'. दोन वर्षं ती फक्त लिनक्सवर नांदत होती आणि मी सुखात होते. मग याच सहकाऱ्याला ती विंडोजवरच्या त्याच्या प्रोग्रॅममध्ये हवी झाली, आणि दुसऱ्या टीममधल्या एका ज्येष्ठ सरांना मॅकवर. मीटिंगमध्ये मी छातीठोकपणे म्हणाले, "सीमेक वापरलंय, तिन्हीकडे होईल." सीमेक म्हणजे एकाच वर्णनावरून वेगवेगळ्या सिस्टिमवर कोडपासून फाइल बांधायचं, म्हणजे बिल्डचं, साधन. झालंही. तिन्हीकडे बिल्ड झालं. चालायला त्यापुढे जवळपास तीन महिने गेले.

हा सगळा हिशेब मी लिहून ठेवतेय, कारण त्या तीन महिन्यांत जी उत्तरं शोधली ती सुटी सुटी कुठे ना कुठे होती, पण ती एकमेकांत कशी गुंतली आहेत ते कुणी नीट सांगितलेलं सापडलं नाही. सीमेक फाइलचं नाव ठरवून देतं. लिनक्सवर लिबनोंद.एसओ, मॅकवर लिबनोंद.डायलिब, विंडोजवर नोंद.डीएलएल. एवढं बघितलं की वाटतं, एकाच वस्तूची तीन नावं आहेत. प्रत्यक्षात ईएलएफ (लिनक्स), माक-ओ (मॅक) आणि पीई (विंडोज) हे तीन वेगळ्या घराण्यांचे फॉरमॅट आहेत, आणि 'लायब्ररी म्हणजे काय' याबद्दल त्यांची मतं जुळत नाहीत.

पहिला मतभेद तो रिकामेपणाचा. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी, बनवली की तिच्यातली स्टॅटिक (म्हणजे एका फाइलीपुरती) नसलेली सगळी फंक्शनं आपोआप बाहेर दिसतात. विंडोजवर एमएसव्हीसीने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने, बनवली की एकही दिसत नाही. जे दाखवायचं ते तुम्ही हाताने 'डीएलएलएक्स्पोर्ट' म्हणून जाहीर करायचं, नाहीतर डेफ फाइलमध्ये नावांची यादी द्यायची. मी दोन्ही केलं नव्हतं. आणि गंमत अशी, की एक्स्पोर्ट काहीच नसेल तर लिंकर, म्हणजे कोडचे तुकडे जोडून फाइल बनवणारं साधन, डीएलएलसोबतची छोटी .लिब फाइल, म्हणजे इम्पोर्ट लायब्ररी, बनवतच नाही. सहकाऱ्याच्या मशिनवर दिसणारी एरर होती एलएनके ११०४, 'नोंद.लिब उघडता येत नाही'. त्यामुळे आधी तासभर आम्ही दोघं ती फाइल कुठल्या फोल्डरात गेली ते शोधत बसलो. गेली नव्हतीच कुठे, जन्मालाच आली नव्हती. त्याने डम्पबिन हे फाइलीत डोकावणारं साधन चालवून एक्स्पोर्टची यादी काढली, ती कोरी निघाली, आणि मग तो निरोप आला.

सोमवारी मी पहिला जो उपाय सापडला तो केला. सीमेकमध्ये ३.४ आवृत्तीपासून 'विंडोज एक्स्पोर्ट ऑल सिम्बॉल्स' अशी एक प्रॉपर्टी आहे. ती चालू केली की सीमेक सगळ्या ऑब्जेक्ट फाइली चाळून स्वतःच डेफ फाइल तयार करतं. एक ओळ, काम फत्ते. दुपारपर्यंत सहकाऱ्याचा प्रोग्रॅम लिंक झाला, चहा झाला. संध्याकाळी त्याने आवृत्तीचं नाव छापायचा प्रयत्न केला आणि पुन्हा लिंकर रुसला. माझ्या हेडरमध्ये, म्हणजे बाहेरच्यांना काय काय वापरता येईल ते जाहीर करणाऱ्या फाइलीत, आवृत्तीचं नाव एका ग्लोबल ॲरेमध्ये ठेवलेलं होतं. फंक्शनच्या बाबतीत इम्पोर्ट लायब्ररीत एक छोटा थांबा असतो, हाक तिथे येते आणि तिथून खऱ्या पत्त्यावर उडी मारते, त्यामुळे वापरणाऱ्याने काही विशेष सांगितलं नाही तरी निभावतं. डेटाला असा थांबा नसतो. तिथे वापरणाऱ्याच्या हेडरमध्ये 'डीएलएलइम्पोर्ट' लिहिलेलंच लागतं. म्हणजे जी कटकट टाळायला ही प्रॉपर्टी लावली तीच मागच्या दाराने परत आली.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. सीमेकचं 'जनरेट एक्स्पोर्ट हेडर' नावाचं मॉड्यूल एक हेडर बनवून देतं आणि त्यात एक मॅक्रो, म्हणजे परिस्थितीनुसार अर्थ बदलणारा शब्द, असतो. माझ्याकडे तो 'नोंद_एक्स्पोर्ट'. प्रत्येक सार्वजनिक फंक्शनच्या आधी तो लावायचा. लायब्ररी स्वतः कंपाइल होत असताना त्याचा अर्थ डीएलएलएक्स्पोर्ट, दुसरं कुणी ती वापरत असताना डीएलएलइम्पोर्ट, आणि लिनक्स-मॅकवर 'हे सिम्बॉल दिसू दे'. सिम्बॉल म्हणजे फंक्शनचं किंवा डेटाचं फाइलीत नोंदलेलं नाव. लायब्ररी कंपाइल होतेय की वापरली जातेय हे मॅक्रोला कळावं म्हणून सीमेक शेअर्ड टार्गेट बांधताना 'नोंद_एक्स्पोर्ट्स' ही व्याख्या आपणहून घालतं. स्टॅटिक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमच्याच फाइलीत मिसळून जाणारी, म्हणून वापरायची असेल तर मात्र तिसरी परिस्थिती उद्भवते. तेव्हा मॅक्रोचा अर्थ 'काहीच नाही' असायला हवा, आणि त्यासाठी वापरणाऱ्याच्या बाजूलाही 'नोंद_स्टॅटिक_डिफाइन' पोचवावं लागतं. ते टार्गेटवर पब्लिक म्हणून लावलं की पोचतं. मी प्रायव्हेट लावलं होतं. त्यात एक अख्खी सकाळ गेली, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

त्याच वेळी मी लिनक्सवरही दारं बंद करायचं ठरवलं. जीसीसी या कंपायलरमध्ये ४.० पासून, म्हणजे २००५ पासून, सगळी सिम्बॉल्स लपवून ठेवायचा पर्याय आहे. सीमेकमध्ये 'सी व्हिजिबिलिटी प्रीसेट' ही प्रॉपर्टी 'हिडन' केली की तो लागतो. बरेच जण ही ओळ वाचतात आणि पुढे जातात. मीही दोन वर्षं तेच करत होते. मी का थांबले ते सांगते, कारण या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याच भानगडीने.

नोंदच्या आत चेकसम, म्हणजे डेटा बिघडला नाही ना ते तपासायचा आकडा, काढणारं माझं स्वतःचं एक फंक्शन होतं. नाव अर्थातच 'सीआरसी३२'. दोन आर्ग्युमेंट, बफर आणि लांबी. आमचा लिनक्सवरचा एक प्रोग्रॅम नोंद वापरायचा आणि गेल्या वर्षी त्यात दाबलेल्या फाइली वाचायची सोय म्हणून झीलिब ही लायब्ररी आली. त्या दिवसापासून तो प्रोग्रॅम पहिलीच फाइल उघडताना कोसळायला लागला. डीबगरमध्ये बघितलं तर कोसळणारं फंक्शन सीआरसी३२च होतं, पण त्याच्या बफरचा पत्ता सोळाच्या पायात २०० दिसत होता. २०० हा काही खऱ्या मेमरीचा पत्ता नव्हे. मी त्या आकड्याकडे बघत बसले. सोळाच्या पायातले २०० म्हणजे दशमानात ५१२. आणि ५१२ ही माझ्या फाइल फॉरमॅटमधल्या एका ब्लॉकची लांबी आहे!

लांबी बफरच्या जागी कशी गेली? झीलिबमध्येही सीआरसी३२ आहे आणि ते तीन आर्ग्युमेंट घेतं. आधीचा चेकसम, मग बफर, मग लांबी. लिनक्सवर डायनॅमिक लिंकर, म्हणजे चालवताना लायब्रऱ्या जोडणारा, नाव शोधताना प्रोग्रॅमपासून सुरुवात करतो, मग त्याच्या लायब्रऱ्या ओळीने बघतो आणि ज्याच्याकडे ते नाव आधी सापडेल त्याच्याकडे सगळ्यांना पाठवतो. ओळीत झीलिब माझ्या आधी होती. त्यामुळे माझ्याच लायब्ररीतून माझ्याच फंक्शनला मारलेली हाक झीलिबकडे जात होती. माझा बफर तिला 'आधीचा चेकसम' वाटत होता, माझी लांबी 'बफर' वाटत होती, आणि तिसऱ्या रजिस्टरमध्ये जो कचरा असेल ती लांबी. कोसळलं नसतं तर नवल.

हेच मॅकवर आणि विंडोजवर का झालं नाही, हा माझा पुढचा प्रश्न. मॅकवर माक-ओ फाइलीत प्रत्येक बाहेरच्या सिम्बॉलपुढे ते कुठल्या लायब्ररीतलं हेही नोंदलेलं असतं. विंडोजवरही इम्पोर्टच्या यादीत डीएलएलचं नाव आधी आणि फंक्शनचं नंतर. दोन गावांत एकाच नावाची दोन माणसं असली तरी पत्रावर गाव लिहिलेलं असतं. लिनक्सवर पत्रावर फक्त नाव. याचे फायदेही आहेत, मेमरी तपासणारी साधनं मधल्यामध्ये मॅलॉक हे मेमरी देणारं फंक्शन बदलतात ती याच ढिलाईच्या जोरावर. पण लायब्ररी लिहिणाऱ्याने आपली आतली नावं चव्हाट्यावर टाकू नयेत, हे मी त्या ५१२ मुळे मान्य केलं. हिडन केल्यावर एक्स्पोर्टची यादी ९० च्या आसपास नावांवरून १४ वर आली. मला बाहेर द्यायची होती ती फंक्शनं १४च होती.

आता सरांचा मॅक. त्यांचा निरोप नेहमीसारखा मोजका होता. "तुमची लायब्ररी उघडत नाही. आणि माझ्या स्क्रीनवर तुमच्या घरच्या फोल्डरचं नाव का दिसतंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एररमध्ये खरंच माझ्या मशिनवरचा पूर्ण पाथ होता, 'काम' आणि 'जुनं' या माझ्या फोल्डरांसकट. त्याचं कारण मॅकची एक खास पद्धत आहे. तिथे प्रत्येक डायलिबच्या पोटात तिचं स्वतःचं नाव लिहिलेलं असतं, त्याला इन्स्टॉल नेम म्हणतात. तुम्ही तिच्याशी लिंक केलं की लिंकर ते नाव जसंच्या तसं तुमच्या फाइलीत उतरवून घेतो. पुढे चालवताना लोडर त्याच नावाने शोधतो. तुम्ही लिंक करताना कुठल्या फोल्डरातली फाइल दिली होती याला काही किंमत नाही. नोंदचं स्वतःचं नाव सीमेकने '@आरपाथ', म्हणजे 'ठरवून दिलेल्या फोल्डरांत शोध', लावून व्यवस्थित ठेवलं होतं. पण नोंद जिच्यावर अवलंबून आहे ती एक जुनी लायब्ररी मी लिबटूल या दुसऱ्या बिल्ड साधनाच्या स्क्रिप्टने बांधली होती, आणि लिबटूल इन्स्टॉल नेममध्ये प्रीफिक्सचा, म्हणजे इन्स्टॉल करायच्या फोल्डरचा, पूर्ण पाथ लिहितं. तो प्रीफिक्स माझ्या घरच्या फोल्डरातला. माझ्या मशिनवर तो पाथ अर्थातच अस्तित्वात होता, म्हणून माझ्याकडे सगळं चालत होतं.

ओटूल या मॅकवरच्या साधनाला मोठा एल देऊन फाइल दाखवली की ही सगळी नावं दिसतात. ही सवय मला आधीच असती तर सरांपुढे शोभा झाली नसती. दुरुस्तीसाठी इन्स्टॉल-नेम-टूल नावाचं साधन आहे. त्या जुन्या लायब्ररीची ओळख बदलायची, आणि नोंदच्या आत उतरलेलं जुनं नावही बदलायचं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. मी पहिल्यांदा फक्त ओळख बदलली आणि काहीच फरक पडला नाही, कारण नोंदमधली नक्कल लिंक करतानाच झालेली होती. नवीन नाव जुन्यापेक्षा लांब असेल तर फाइलीच्या हेडरमध्ये जागा कमी पडते. त्यासाठी लिंक करतानाच हेडर ऐसपैस ठेवायला सांगावं लागतं.

हे सगळं करून सरांना पुन्हा फाइल पाठवली. या वेळी प्रोग्रॅम एक शब्दही न बोलता मेला. टर्मिनलवर फक्त 'किल्ड ९'. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकवर प्रत्येक नेटिव्ह कोडवर सही लागते, निदान स्वतःच स्वतःला दिलेली तरी. माझ्या पॅकेजिंगच्या स्क्रिप्टमध्ये सही आधी होत होती आणि नावं नंतर बदलली जात होती. सही झाल्यावर एक बाइट जरी हलला तरी सही बाद. स्क्रिप्टमधल्या दोन ओळींची अदलाबदल केली आणि सरांचं उत्तर आलं, "चालतंय. आभारी आहे." इतकंच. सर कौतुक करत नाहीत, पण त्यानंतर तक्रारही आली नाही.

मॅकवर अजून एक गोष्ट करून घ्या. इंटेल आणि आर्म दोन्हींसाठी एकच फाइल हवी असेल तर 'ओएसएक्स आर्किटेक्चर्स' या व्हेरिएबलमध्ये दोन्ही नावं द्यायची, पण 'प्रोजेक्ट' या ओळीच्या आधी. नंतर दिली तर उपयोग होईलच असं नाही. आणि अवलंबून असलेल्या सगळ्या लायब्रऱ्याही दोन्हींसाठी बांधलेल्या हव्यात.

लिनक्सवर लायब्ररी शोधायची रीत वेगळी. तिथे आरपाथ म्हणजे फाइलीत लिहिलेली शोधायच्या फोल्डरांची यादी, आणि त्यात 'डॉलर ओरिजिन' लिहिलं की त्याचा अर्थ 'ही फाइल जिथे आहे तिथे'. सीमेक इथे एक मदत करतं जी मला दगा वाटली. बिल्ड फोल्डरात बांधताना ते पूर्ण पाथाचा आरपाथ आपणहून घालतं, म्हणजे तिथून टेस्ट सुरळीत चालतात. इन्स्टॉल करताना तो पुसून टाकतं. म्हणून बिल्डमधून चालणारा प्रोग्रॅम इन्स्टॉल केल्यावर 'लायब्ररी सापडत नाही' म्हणतो. हा दोष सीमेकचा नाही, इन्स्टॉल झालेल्या फाइलीत माझ्या मशिनचे पाथ राहू नयेत हे बरोबरच आहे. मॅकवरची माझी फजिती आठवा. आपण 'इन्स्टॉल आरपाथ' वेगळा द्यायचा, एवढंच.

पण तो फक्त प्रोग्रॅमला देऊन भागत नाही. हे मला दोन दिवसांनी कळलं. आजकाल बऱ्याच डिस्ट्रिब्यूशनांवर लिंकर आरपाथच्या जागी त्याचा नवा भाऊ रनपाथ लिहितो. जुना आरपाथ नातवंडांपर्यंत पोचायचा, म्हणजे प्रोग्रॅममध्ये लिहिलेली यादी त्याच्या लायब्रऱ्यांच्या लायब्रऱ्यांनाही लागू व्हायची. रनपाथ फक्त स्वतःच्या मुलांपुरता. माझ्या प्रोग्रॅमला नोंद सापडत होती, पण नोंदला शेजारीच बसलेली ती जुनी लायब्ररी सापडत नव्हती. नोंदलाही तिचा स्वतःचा डॉलर ओरिजिन दिला तेव्हा प्रकरण मिटलं. हाताने मेकफाइल लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना: तो डॉलर मेक गिळतं, त्यातून वाचला तर शेल गिळतं. रीडएल्फ या साधनाने प्रत्यक्ष फाइलीत काय उतरलंय ते बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

विंडोजवर आरपाथ नाहीच. प्रोग्रॅमच्या शेजारी डीएलएल ठेवा, संपला विषय. मला ही पद्धत आधी रानटी वाटायची, आता हेवा वाटतो. त्रास होतो तो टेस्टमध्ये, कारण सीमेक लायब्ररी एका फोल्डरात ठेवतं आणि टेस्ट दुसऱ्यात. आमच्या टेस्ट विंडोजवर एकही ओळ न छापता पडायच्या आणि एक्झिट कोड यायचा उणे १०७३७४१५१५. हा आकडा मी आता झोपेतही ओळखेन. सोळाच्या पायात लिहिला तर तो सी००००१३५ होतो, आणि त्याचा अर्थ 'डीएलएल सापडली नाही'. सगळ्या डीएलएल आणि टेस्ट एकाच आउटपुट फोल्डरात टाकल्या की हा प्रश्न उरत नाही. सीमेक ३.२१ पासून एखाद्या प्रोग्रॅमला लागणाऱ्या डीएलएलची यादीही मागता येते, ती वापरून कॉपी करायची पायरी लावता येते. आणि इन्स्टॉलच्या नियमात लक्षात ठेवा, सीमेकच्या लेखी विंडोजवरची डीएलएल 'रनटाइम' असते, तिची इम्पोर्ट लायब्ररी 'आर्काइव्ह', आणि 'लायब्ररी' हा शब्द लिनक्स-मॅकच्या फाइलींसाठी. मी फक्त 'लायब्ररी' लिहिलं होतं आणि डीएलएल सगळ्या फाइलींपासून लांब जाऊन बसली होती.

मधेच एकदा सहकाऱ्याने त्याच्या ग्राहकाला डीबग बिल्ड, म्हणजे फक्त चुका शोधण्यासाठीचं, पाठवलं. त्याची चूक नव्हती. मी दिलेल्या सूचनांमध्ये 'बिल्ड टाइप रिलीज' असं लिहिलेलं होतं, आणि लिनक्सवर ते पुरतं. व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रोजेक्टमध्ये डीबग आणि रिलीज दोन्ही एकत्रच असतात, तिथे सीमेक त्या व्हेरिएबलकडे बघतही नाही. बिल्ड करताना 'कॉन्फिग रिलीज' असं वेगळं सांगावं लागतं, नाहीतर डीबग मिळतं. डीबग डीएलएलला डीबगचंच सी रनटाइम, म्हणजे सी भाषेची मूळ लायब्ररी, लागतं, आणि ते मायक्रोसॉफ्ट वाटायला परवानगी देत नाही. ग्राहकाच्या मशिनवर ते असण्याचं कारणच नव्हतं.

याला लागूनच एक नियम मी हेडरच्या डोक्यावर लिहून ठेवलाय: ज्याने मेमरी घेतली त्यानेच ती सोडायची. लिनक्सवर सहसा एका प्रोसेसमध्ये सगळ्यांचं मॅलॉक एकच असतं, म्हणून नोंदने दिलेला बफर कुणी सरळ फ्री केला तरी खपून जातं. विंडोजवर डीएलएलचं रनटाइम आणि प्रोग्रॅमचं रनटाइम वेगवेगळं असू शकतं. म्हणून १४ फंक्शनांमधलं एक 'नोंद_सोड' आहे आणि ते फक्त बफर सोडतं. आधी ते नव्हतं, बाहेरची फंक्शनं तेव्हा १३ होती.

'लाँग'बद्दल एकच वाक्य: ६४ बिटांच्या लिनक्स आणि मॅकवर तो ६४ बिटांचा असतो, ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचाच, आणि माझ्या हेडरमध्ये फाइलीतली जागा लाँगमध्ये होती, त्यामुळे दोन जीबीपुढच्या फाइलींमध्ये जागा उणे यायला लागली. ठरीव लांबीचे टाइप वापरा.

लिनक्सवरून लिनक्सवर न्यायलाही त्रास होतोच, हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या बिल्ड सर्व्हरचं इमेज कुणीतरी नवीन केलं आणि एका जुन्या मशिनवर नोंद उघडेना. एररमध्ये 'जीलिबसी २.३४ सापडलं नाही' असं. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी. माझ्या कोडमध्ये एक अक्षर बदललं नव्हतं. २०२१ मध्ये आलेल्या जीलिबसी २.३४ ने थ्रेडची वेगळी असलेली लायब्ररी मुख्य लायब्ररीत सामावून घेतली, आणि तिथल्या फंक्शनांना नवा आवृत्तीचा शिक्का दिला. नव्या मशिनवर लिंक केलं की तो नवा शिक्का तुमच्या फाइलीत उतरतो. जुनं जीलिबसी म्हणतं, हा शिक्का मी ओळखत नाही. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही. म्हणून मी आता जुन्या जीलिबसीच्या कंटेनरमध्ये, म्हणजे जुनी लिनक्स भरून ठेवलेल्या बंद डब्यात, बांधते. पायथनवाल्यांनी यासाठी मेनीलिनक्स नावाचे कंटेनर तयारच ठेवलेत. 'मेनीलिनक्स२०१४' नावाचा सेंटओएस ७ वर, जीलिबसी २.१७ सह, आणि त्यापुढचा एक अल्मालिनक्स ८ वर, २.२८ सह. पायथनशी तुमचा संबंध नसला तरी वापरा, कुणी विचारत नाही.

लिनक्सवर बसून मिंगडब्ल्यू या विंडोजसाठी बांधणाऱ्या कंपायलरने डीएलएल बांधायचा प्रयोगही मी केला. बांधली जाते. पण नाव 'लिबनोंद.डीएलएल' होतं, सोबत थ्रेडची एक वेगळी डीएलएल मागते, आणि सहकाऱ्याला एमएसव्हीसीच्या डीबगरमध्ये आतलं काही दिसत नाही. शेवटी त्याच्याच मशिनसारखं एक विंडोज मशिन बिल्डसाठी घेतलं. तीन सिस्टिमसाठी बांधायचं तर तीन सिस्टिमवर बांधा, असं माझं आताचं मत आहे.

शिवाय आता बिल्ड सर्व्हरवर एक पायरी जास्तीची आहे. इन्स्टॉल झालेला फोल्डर उचलून भलत्याच नावाच्या जागी हलवायचा, मूळ बिल्ड फोल्डर पुसून टाकायचा, आणि मग २० ओळींचा एक सी प्रोग्रॅम त्या हलवलेल्या लायब्ररीशी जोडून चालवायचा. माझ्या मशिनचे पाथ कुठे चिकटून राहिले असतील तर इथे उघडे पडतात. त्याच्याच पुढे एक साधी टेक्स्ट फाइल आहे, १४ नावांची. तिन्ही सिस्टिमवर एक्स्पोर्टची यादी काढायची आणि या फाइलीशी ताडून बघायची. पंधरावं नाव दिसलं तर बिल्ड लाल.

ही तपासणी पहिल्यांदा लावली तेव्हा लिनक्स हिरवं, विंडोज हिरवं आणि मॅकवर १४च्या १४ नावं चुकीची. अर्धा तास मी पुन्हा व्हिजिबिलिटी तपासत बसले. मॅकवर सी भाषेतल्या प्रत्येक सिम्बॉलच्या नावापुढे एक अंडरस्कोअर लागतो. स्क्रिप्टमध्ये तो छाटायची एक ओळ घातली.